उंचीला भिणारा डोंगरमुकादम

ता. ६ डिसेंबर १९३६, रविवार. सकाळी नऊपर्यंत दाट धुकं, नंतर कोरडं ऊन. वारा पूर्वेचा, बोचरा.

काल लोणावळ्याच्या बाजारात हसनभाई भेटला. चहाला बसलो आणि दोन तास उठलोच नाही. किश्शांचं आणि घाटातल्या सुट्या दगडांचं अगदी एकसारखं आहे. एक काढायला जावं तर त्याच्या मागचा हलतो. तो काढला की वरचे तीन घरंगळायला लागतात. शेवटी चहावाल्याने आमच्या बाकाखाली झाडू घातला, तेव्हा कुठे आम्ही थांबलो!

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तारखा, वारे, पाऊस, दगडांचे नंबर, सगळं त्यांत आहे. हसलो किती ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ते आज लिहून टाकतो.

मी खंडाळ्याच्या डोंगर गँगवर चौदा वर्षं हजेरी-कारकून होतो. डोंगर गँग म्हणजे काय, हे पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. घाटात रुळांच्या डोक्यावर कडे आहेत. उन्हापावसाने त्यांतले दगड सुटतात. ते आपणहून गाडीवर पडायच्या आत आपण जाऊन पाडायचे, एवढंच आमचं काम. माणसं कड्यावरून दोराला लटकतात, हातोडीने दगड वाजवून बघतात. सुटा निघाला तर स्टेशनवरून लाईन बंद करून घ्यायची, त्याला ब्लॉक म्हणतात. मग रुळांना मार बसू नये म्हणून त्यांवर जुने लाकडी स्लीपर पसरायचे आणि पहारीने दगड खाली लोटायचा.

आम्ही एकोणीसजण होतो. त्यांत धडधाकट म्हणावा असा एकही नव्हता. आणि त्या चौदा वर्षांत आमच्या हद्दीत एकाही गाडीला दगड लागला नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या वहीत आहेत.

* * *

सुरुवात मुकादमापासूनच करायला हवी. सखाराम आबा, राहणार भाजे. रोज पहाटे मळवलीहून कामगारांच्या गाडीने यायचा. पन्नाशीचा, बुटका, भरघोस मिशांचा. आणि उंचीला भिणारा!

भिणारा म्हणजे कसा? दोन हात वर गेला की डोळे फिरायचे, तोंडाला कोरड पडायची. घरी माळ्यावरचं मडकं बायको काढायची, आबा खाली उभा राहून "जपून गं, जपून" म्हणायचा. आणि हा डोंगर गँगचा मुकादम!

पण त्याचा कान! गोंदा वर कड्यावर लटकून दगडावर तीन ठोके द्यायचा. आबा खाली रुळांच्या कडेला डोळे मिटून उभा. तिसरा ठोका पडला की म्हणायचा, "घट हाय, सोड." किंवा, "पोकळ वाजतोय. नंबर घाल." साठ-सत्तर फुटांवरून! पाडण्यासाठी नंबर घातलेला दगड पहार लावताच सुटायचा. सोडलेला दगड दहा पावसाळे जागचा हलायचा नाही.

नवे इन्स्पेक्टर साहेब आले. त्यांनी आठ दिवस बघितलं आणि विचारलं, "मुकादम, सब आदमी ऊपर. तुम हमेशा नीचे क्यूं?"

आबाने शांतपणे सांगितलं, "सायेब, दगड खालीच येनार ना? मंग कुनीतरी सामोरं जायला नको?"

साहेबांनी यावर बराच वेळ विचार केला. पुढे तीन वर्षं काही विचारलं नाही.

* * *

गोंदा कुसगावचा. डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड. सपाटीवर असा झोकांड्या खायचा की नवीन माणूस त्याच्यापासून चार हात दूर चालायचा, सकाळीसकाळीच घेतलेली दिसते म्हणून. बिचारा ताकाशिवाय काही पीत नसे.

त्याला गँगवर घेताना साहेब म्हणाले, लंगडा माणूस डोंगरावर कसा चालेल?

आबा म्हणाला, "सायेब, सपाटीवर ह्यो लंगडा हाय, खरं हाय. पर डोंगराच्या उतारावर आपुन समदे लंगडे, आन् ह्यो एकटा सरळ!"

आणि झालं तसंच. खंडाळ्याकडून खाली कर्जतच्या बाजूला निघालं की डोंगर डाव्या हाताला राहतो. गोंदाचा आखूड पाय वरच्या अंगाला, लांब पाय खालच्या अंगाला. आम्ही सगळे धडपडतोय आणि हा गडी रस्त्यावरून निघाल्यासारखा ताठ!

पंचाईत परत येताना. तोंड फिरवलं की डोंगर उजव्या हाताला, म्हणजे सगळा हिशेब उलटा. मग गोंदा तोंड फिरवायचाच नाही. तोंड कर्जतकडे ठेवून उलटा चालत खंडाळ्याला यायचा. अर्धा मैल! आणि भरभर!

एकदा गाडीतल्या एका पारशी बाईंनी खिडकीतून हे बघितलं. गाडी सिग्नलला उभी होती. त्यांनी हाक मारून विचारलं, "अरे भाऊ, असा मागे मागे कुठे चाललास?"

गोंदा म्हणाला, "घरी, बाईसाहेब. जाताना पुढं गेलतो!"

* * *

हसनभाई दोरवाला. लोणावळ्यातच जन्म. बाप घोडागाडी हाकायचा, त्यामुळे दोर, गाठी, वाद्या हे घरातलंच. त्याच्या हातच्यासारखी गाठ मी दुसरी पाहिली नाही. दोष एकच, विसराळूपणा. पण दोरवाल्याला दोष असावा, तर नेमका हा?

त्याने गाठ मारली की नाही, हे त्याला दोन मिनिटांनी आठवायचं नाही. गोंदा एकदा कड्याच्या काठावरून खाली उतरला. चाळीस फूट गेला असेल. सहज वर बघून ओरडला, "हसनभाई, गाठ मारली न्हवं?"

"मारली, मारली!"

"नक्की?"

 मग हसनभाईचा आवाज आला, "थांब हां. बघून सांगतो!"

"आता बघतोस व्हय!" गोंदा तिथून जे बोलला, ते मी वहीत लिहिलेलं नाही.

गाठ मारलेली होती. पण त्या दिवसापासून हसनभाईने स्वतःच एक रीत घातली. दोर बांधून झाला की तीन वेगवेगळ्या माणसांनी गाठीला हात लावायचा, ओढून बघायची आणि मोठ्याने आपलं नाव सांगायचं. तीन नावं ऐकल्याशिवाय कुणी काठ सोडायचा नाही. नावं मी लिहून घ्यायचो.

दुसऱ्या गँगचे लोक हसायचे. "तुमच्याकडं दोराचं बारसं करत्यात म्हनं!" हसायला त्यांना काय जातं? त्यांच्या दोन गाठी सुटल्या. आमची एकही नाही.

पुढे हसनभाईच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मांडवात काजीसाहेबांनी तिला तीनदा विचारलं, कबूल आहे का. हसनभाई शेजारी बसलेल्या आबाला म्हणाला, "बघा आबा. मोठ्या कामांत सगळीकडे तीनच आहेत!"

* * *

दुसऱ्यांचे दोष लिहिले, आता माझा. मला लांबचं नीट दिसायचं नाही आणि चष्म्याची लाज वाटायची. चौथीपर्यंत शिकलेला, पुढचं सगळं रद्दी कागद वाचून वाचून शिकलेला माणूस मी. वाटायचं, चष्मा लावला तर लोक म्हणतील, बघा, विद्वान निघाले!

संशयित दगडांवर चुन्याने नंबर घालायचं काम माझं. लांब बांबूला कुंचला बांधलेला असायचा. एका सकाळी दाट धुकं होतं. ब्लॉक दुपारचा होता, म्हणून आबा म्हणाला, "भाऊ, आधी नंबर घालून ठेवा. वाजवनी मागनं करू."

मी छत्तीसपासून सुरुवात केली. सेहेचाळीसनंतर एका सपाट जागेवर एक काळा, गोल, ओलसर दगड दिसला. बांबू लांब करून ठसठशीत सत्तेचाळीस काढला. दगड जरा थरथरल्यासारखा वाटला. मी वहीत लिहिलं, 'नं. ४७. जागेवर हलतो. धोका.'

दुपारी गोंदा हातोडी घेऊन गेला. छत्तीस सापडला, सेहेचाळीस सापडला, अठ्ठेचाळीसही सापडला. सत्तेचाळीस नाही! एवढा मोठा दगड गेला कुठे? रुळांवर नाही, खाली दरीत नाही. आबाचं तोंड उतरलं. सहाजण संध्याकाळपर्यंत शोधत होते.

पाचच्या सुमाराला कुसगावचा मारुती तावातावाने आला. "माझ्या म्हशीवर आकडा कुनी घातला रं?"

आबा उठला. मारुतीला त्याने रामराम केला आणि मागे वळून म्हणाला, "गोंदा, घे हातोडी. घावला दगड!"

पुढच्याच आठवड्यात मी चष्मा घेतला. आजही तोच आहे, काडी तेवढी बदलली.

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका मार्च महिन्यात वरून कागद आला. साहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला. मे महिन्यात पुण्याचे रेल्वेचे डॉक्टर येणार. डोंगर गँगच्या प्रत्येक माणसाने, मुकादमासकट, त्यांच्यासमोर दोरावरून साठ फूट खाली उतरायचं आणि परत वर चढायचं. ज्याला जमणार नाही तो त्याच दिवशी गँगवरून कमी. त्याला मळवलीला सपाटीच्या लाईनवर साधा खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून पाठवायचं.

 साहेब म्हणाले, हुकूम वरचा आहे, माझ्या हातात काही नाही.

शेवटी गोंदाने धीर करून म्हटलं, "आबा, मळवली म्हंजे तुमचं घर हाकंवर. पहाटंची गाडी नको, काय नको. तसं बरंच हाय की."

आबा त्याच्याकडे वळला. "मला बरं हाय. तुजं काय?"

गोंदाचा हात टोपीकडे गेला. कारण आम्हा सगळ्यांना तो आठवडा आठवत होता. दोन वर्षांपूर्वी आबा तापाने घरी होता आणि बदली मुकादम आला होता. धडधाकट माणूस, माकडासारखा चढायचा. त्याने एक दगड वाजवून "घट आहे" म्हणून सोडला. तिसऱ्या दिवशी तोच दगड सुटला आणि गोंदाच्या कानाजवळून गेला. गोंदाच्या टोपीची कड फाटली. तो दगड ओळखायला आबाचाच कान हवा होता, दुसऱ्या कुणाचा चालला नसता.

आबा म्हणाला, "मे म्हंजे दोन म्हयनं हायेत. बघू."

* * *

मग सुरू झाला आबाचा अभ्यास! रोज दुपारी भाकरी खाल्ल्यावर. मी त्याचा वेगळा कागद केला होता, तो अजून आहे:

'स्टूल, दीड फूट. उभा राहिला. शंभर आकडे मोजले.'

'बैलगाडी, तीन फूट. उभा राहिला. बैल हलले. उतरला.'

'पाण्याच्या टाकीची शिडी, पाच पायऱ्या. घाम. उतरला.'

'तीच शिडी, सहा पायऱ्या. घाम. उतरला.'

'तीच शिडी, सहा पायऱ्या.' हे सलग नऊ दिवस.

माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. सातव्या पायरीला आबाचे हात असे थरथरायचे की लोखंडी शिडी वाजायची. खाली उतरून तो दहा मिनिटं तोंडावर पाणी मारायचा आणि म्हणायचा, "उद्या सात." दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा!

एका रविवारी मी त्याच्या घरी भाज्याला गेलो. बघतो तर आबा परसातल्या जांभळीवर! जमिनीपासून नऊ फूट, फांदीला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, डोळे ताठ. सकाळपासून तिथेच होता. चढताना वर बघून चढला, पोचल्यावर खाली बघितलं, आणि संपलं. आता ना वर, ना खाली.

जनाबाई, त्याची बायको, खाली कमरेवर हात ठेवून उभी. "आवं, भाकरी निवाली. खाली येताय का वर धाडू?"

आबाने डोळे न हलवता सांगितलं, "वर धाड. कांदा बी दे."

* * *

एप्रिलच्या शेवटी दोन दिवस वळीव पडला आणि तिसऱ्या दिवशी असं धुकं आलं की हातातली हातोडी दिसेना. वाजवलेले दगड परत बघायला आबा पायवाटेने निघाला. एका हाताने डोंगर चाचपत, दगडांना कान लावत. आम्ही हाका मारत होतो, तो ओ देत होता. आवाज कुठून येतोय तेही कळत नव्हतं.

दहा वाजता ढग एकदम फाटला. बघतो तर आबा नागफणीच्या सुळक्याकडच्या अंगाला खडकाच्या एका हातभर रुंद पाळीवर उभा! खाली ऐंशी फूट सरळ कडा, कड्याखाली रूळ. त्या पाळीवर एरवी गोंदासुद्धा दोर बांधल्याशिवाय जात नसे. आणि आबा तिथे तासभर आरामात फिरत होता, एका दगडावर तंबाखू मळून झालेली!

"आबा!" हसनभाई ओरडला. "खाली बघू नका!"

हे ऐकून माणूस काय करील? आबाने खाली बघितलं.

मग तो हळूहळू बसला. पाठ कड्याला लावली, डोळे घट्ट मिटले. गोंदा दोर घेऊन निघणार, तेवढ्यात आबाचा आवाज आला, "नको, कुनी येऊ नका. ढग परत येस्तवर बसतो हितं. मंग जसा आलो तसा येतो!"

पाऊण तासाने ढग परत आला. आबाही आला. खाली आल्यावर कुणाशी बोलला नाही. आपला फेटा सोडला, त्याची पट्टी डोळ्यांवर धरून बघितली, परत बांधला.

* * *

आता तो दिवस. मे महिन्याचा तिसरा आठवडा. ऊन कडक, वारा कोकणातून घाटावर असा चढत होता की माझ्या वहीची पानं धरून ठेवावी लागत होती.

डॉक्टर सकाळी आले. परीक्षा प्रत्यक्ष कामावरच घ्यायची ठरली, कारण कड्यात साठ फुटांवर एका मोठ्या दगडाला नवी चीर दिसली होती आणि तो पावसाळ्याआधी काढणं भाग होतं. सतराजण उतरले, सतराजण चढले. माझ्यासारख्या चष्मेवाल्या कारकुनाला माफी होती. उरला आबा.

अकरा चाळीसला ब्लॉक मिळाला, चाळीस मिनिटांचा. बारा वीसला पुण्याची गाडी सोडायची होती. गोंदा आणि दुसरे दोघे पहारी घेऊन त्या दगडापाशी लटकले. चीर पडलेला पुढचा दगड, आणि त्याच्या पाठीला टेकलेला मागचा, बैलगाडीएवढा. गोंदाने ठोके दिले. आबा खाली, कानामागे हात धरून.

त्याने मान हलवली. गोंदाने परत ठोके दिले. आबाने परत मान हलवली. वाऱ्यात काहीच ऐकू येत नव्हतं.

साहेबांनी वरून घड्याळ बघितलं आणि हुकूम दिला, चीर पुढच्या दगडाला आहे, पुढचाच काढा.

"थांबा!" आबा खालून ओरडला. तेवढं मात्र आम्हाला ऐकू आलं. पायवाटेने तो धावत वर आला, डोंगराला हात लावून, कड्याकडे न बघता. धापा टाकत हसनभाईसमोर उभा राहिला.

"दोर दे."

"आबा, तुम्ही..."

"वाऱ्यानं ऐकू येत न्हाई. जवळ जायला पायजे. पोरं खाली लटकल्यात. दे लवकर."

हसनभाईने दोर बांधला. आबाने फेटा सोडला आणि डोळ्यांवर तीन वेढे घट्ट गुंडाळले. हसनभाईने गाठीला हात लावला, "हसन." मी वही खाली ठेवली, हात लावला, माझं नाव सांगितलं. तिसरा माणूस जवळ नव्हता. सगळे दुसरे दोर धरून उभे. तेव्हा साहेब पुढे झाले. गाठ ओढून बघितली आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. नुसतं नाव, आडनाव नाही. इतक्या वर्षांत ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, "डोळे बांधून? हे नियमात बसतं का?"

साहेबांनी कागद बघितला. "यात डोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही."

अकरा बावन्नला आबाने काठ सोडला.

"गोंदा!" तो उतरता उतरता ओरडला. "बोलत ऱ्हा!"

"काय बोलू, आबा?"

"काय बी बोल! फकस्त किती खाली आलो ते सांगू नगंस!"

मग गोंदा सासुरवाडीची हकिकत सांगायला लागला. मेव्हण्याने पिठल्यात मीठ दोनदा कसं घातलं, सासऱ्याने सगळ्यांसमोर ते कसं संपवलं. दोराला लटकून, वाऱ्यात, मोठ्या आवाजात. आबाचे पाय कड्यावर घसरत होते, पंजे दगड चाचपत होते. हसनभाई वीतवीत दोर सोडत होता. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, पण त्याने दोरावरचा हात काढला नाही.

आबा पोचला. पुढच्या दगडाला कान लावला. "ठोक." गोंदाने ठोकलं. मग सरकून मागच्याला कान लावला. "ठोक."

त्याने आणखी एकदा ठोकायला लावलं. मग म्हणाला, "पहारी काढा. पुढल्याला हात लावू नगा. चीर वरवरची हाय, ह्यो बुडापास्नं घट हाय. मागला सुटलाय, पार सुटलाय. पुढल्यानं मागल्याला धरलंय."

पुढच्या दगडाच्या बरोबर खाली तिघेजण लटकलेले होते; तो काढला असता तर मागचा सरळ त्यांच्यावर आला असता.

 तिघे चढून मागच्या दगडाच्या वरच्या अंगाला गेले. फटीत पहारी घातल्या. आबा बाजूला, एक तळवा त्या दगडावर सपाट ठेवून.

"मार. ...थांब. ...मार. ...थांब, दगड बोलतोय. ...डाव्या पहारीनं, हळू."

बारा वीस झाले. खालच्या माणसाने लाल निशाण हलवून विचारलं. साहेबांनी वरून हाताने सांगितलं, गाडी धरून ठेवा.

"मार. ...थांब." मग एकदम, "समदे उजवीकडं! हसन, ओढ!"

आम्ही चारही दोर उजवीकडे ओढले. पायाखालचा डोंगर हलल्यासारखा झाला. मग खालून धूळ आली, इतकी की दोर कड्याखाली कुठे जातात तेच दिसेना.

धुळीतून आबाचा आवाज आला. "गोंदा?"

"हाय, आबा."

"बाकीचं?"

"समदे हायेत."

धूळ विरली. दगडाच्या हवेने आबाचा फेटा सुटून गळ्यात आला होता. डोळे उघडे होते. त्याने कड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि त्याचा दोर आमच्या हातात थरथरत होता.

साहेब काठावर ओणवे झाले. "मुकादम! अब ऊपर आओ!"

"न्हाई, सायेब!" आबा कड्याला गाल चिकटवून ओरडला. "आता दिसतंय! वर न्हाई जमायचं! खाली सोडा!"

हसनभाईने त्याला वीतवीत खाली रुळांपर्यंत सोडला.

डॉक्टर म्हणाले, "हुकूम उतरून चढायचा आहे."

साहेबांनी त्यांच्या हातातून कागद घेतला, शिसपेन मागितलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं.

त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे. मागचा दगड बारा वाजून चोवीस मिनिटांनी पडला. नऊ स्लीपर फुटले, रूळ शाबूत. पुढचा दगड जागेवर ठेवला. माणसांना इजा नाही. पुण्याची गाडी सतरा मिनिटं उशिरा गेली. डॉक्टरांच्या कागदावर अठराव्या नावापुढे शेरा: 'सखाराम, मुकादम. उतरला. चढला नाही. डोंगर गँगवर कायम.'